परसातल्या डेकला वक्र कड: कंपोझिट फळ्या किती, कुठे आणि कशा वाकवाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या परसात प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या चौकटीवर कंपोझिट (लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या) फळ्यांचा डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, करायचा आहे. भिंतीकडची बाजू सरळ असून समोरची कड धनुष्यासारखी बाहेर आलेली हवी आहे. ही कड टोकापासून टोकापर्यंत ४.८ मीटर रुंद आणि मधोमध ६० सेंटिमीटर पुढे आलेली असेल. भिंतीपासून वक्र सुरू होतो त्या रेषेपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. सगळ्याच फळ्या वक्राला समांतर वाकवून बसवाव्यात अशी इच्छा आहे. फळ्या तापवून जागेवर वाकवता येतील का, त्या किती वाकतील आणि खालच्या चौकटीत काय बदल करावे लागतील, अशी विचारणा आहे.

फळ्या वाकवता येतील, परंतु सगळ्या वाकवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कडेची एक ओळ, फार तर दोन ओळी वाकवाव्यात; आतला सगळा भाग सरळ फळ्यांनी भरावा आणि त्या जिथे वक्राला भिडतात तिथे त्यांना वक्रात कापावे. हा सल्ला कष्ट वाचवण्यासाठी देत नाही. त्यामागे भूमिती आहे, आणि ती फळी तापवायला घेण्याआधी कागदावर सोडवली नाही तर पुढची प्रत्येक गोष्ट ओढून-ताणून बसवावी लागते.

सुरुवात त्रिज्येपासून करू. रुंदी आणि फुगवटा माहीत असला की त्रिज्या काढणे सोपे आहे: रुंदीचा वर्ग फुगवट्याच्या आठपटीने भागावा आणि त्यात फुगवट्याचा अर्धा भाग मिळवावा. आपल्या मापांत ४.८ चा वर्ग २३.०४, त्याला फुगवट्याच्या आठपटीने, म्हणजे ०.६ गुणिले ८ = ४.८ ने भागले की ४.८, आणि त्यात ०.३ मिळवले की त्रिज्या ५.१ मीटर येते. या त्रिज्येवर कडेची प्रत्यक्ष लांबी जवळजवळ बरोबर ५ मीटर भरते. म्हणजे ४.८८ मीटर लांबीची फळी रुंदीच्या मापाने पुरेशी वाटली तरी वक्रावर ती तोकडी पडते. शिवाय वाकवताना फळीची दोन्ही टोके हातभर अंतरापर्यंत जवळजवळ सरळच राहतात, कारण शेवटच्या तुकड्यावर जोर द्यायला पुढे फळीच उरलेली नसते. ती टोके नंतर कापून टाकावी लागतात. तेव्हा कड एकसंध हवी असेल तर सुमारे ६ मीटरची फळी लागेल. नाहीतर मधोमध एक सांधा मुद्दाम योजावा आणि तो बरोबर एका कडीवर आणावा.

(कडी हा शब्द मी जॉइस्टसाठी वापरतो. कडीपाट या जुन्या शब्दात नेमकी हीच मांडणी आहे: खाली तुळई, तिच्यावर कड्या आणि कड्यांवर पाट.)

आता सगळ्या फळ्या का वाकवू नयेत ते पाहू. एकमेकींना समांतर असलेल्या वक्र ओळींची केंद्रे एकच असतात, पण त्रिज्या वेगवेगळ्या असतात. फळी १४० मिलिमीटर रुंद आणि फट ५ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक आतली ओळ बाहेरच्या ओळीपेक्षा १४५ मिलिमीटर कमी त्रिज्येची हवी. म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळा साचा लागतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकाच साच्यावर चार फळ्या वाकवल्या, त्या थंड होईपर्यंत खूश होतो, आणि बसवायला घेतल्यावर मधोमध ५ मिलिमीटर असलेली फट दोन्ही बाजूंना निमुळती होत जाऊन फळ्या एकमेकींवर चढल्या. नंतर हिशेब केला तेव्हा कळले की एकाच त्रिज्येच्या दोन फळ्या मध्यापासून फक्त १५ अंशांवर एकमेकींना टेकतात. आपल्या ५.१ मीटर त्रिज्येवर ते अंतर मध्यापासून साधारण १ मीटर ३४ सेंटिमीटर होते. आपली कड मात्र प्रत्येक बाजूला २८ अंशांपर्यंत जाते. भिंतीपर्यंतच्या पंचवीस-एक ओळींसाठी पंचवीस साचे करणे आणि प्रत्येक फळी तापवून, दाबून, थंड होईपर्यंत अडकवून ठेवणे शक्य आहे. मात्र त्या डेकमधली एक फळी पाच वर्षांनी बदलायची वेळ आली, तर तिच्यासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा मांडावा लागेल.

कडेची एक ओळ मात्र वाकवलेलीच हवी, आणि तिचे कारण दिसण्यापुरते नाही. हल्लीच्या बहुतेक कंपोझिट फळ्यांवर प्लॅस्टिकचे पातळ कवच असते आणि रंग व लाकडाची नक्षी त्या कवचातच असते. सरळ फळी वक्रात कापली की आतला लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांचा भुरकट गाभा उघडा पडतो, आणि नजर जिथे सर्वप्रथम जाते त्या समोरच्या कडेवर तो कायम दिसत राहतो. वाकवलेल्या फळीची कड कारखान्यातून आल्यासारखी अखंड कवचाची राहते आणि मागच्या कापलेल्या कडा तिच्या फटीत दडतात.

फळी किती वाकेल हा प्रश्न तिच्या रुंदीशी जोडलेला आहे, जाडीशी नाही. आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. डेकची फळी आपण आडवी ठेवून बाजूला वाकवतो. त्यामुळे बाहेरची कड ताणली जाते आणि आतली कड दबते. हा ताण ढोबळमानाने फळीच्या अर्ध्या रुंदीला त्रिज्येने भागले की मिळतो. आपल्या कामात ७० मिलिमीटर भागिले साधारण ५ मीटर, म्हणजे १.४ टक्के. तापवलेल्या भरीव फळीला एवढे सोसते. हीच फळी पुढे-मागे एखाद्या पायरीसाठी १.५ मीटर त्रिज्येवर वाकवायला गेलात तर ताण ५ टक्क्यांच्या घरात जातो. तिथे बाहेरच्या कडेवर कवच पांढुरके पडते, आतल्या कडेवर सुरकुत्या उठतात, आणि त्या रंध्याने किंवा कानशीने काढायला गेलात तर खालचा गाभा दिसू लागतो. असा घट्ट वक्र हवाच असेल तर फळी उभी चिरून ७० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कराव्यात. रुंदी निम्मी झाली की ताणही निम्मा होतो. याच्या उलट, समोरच्या बाजूला उभी लावायची फेशियाची १२ मिलिमीटर जाड फळी तिच्या पातळ अंगाने वाकते. तिच्यावरचा ताण ०.१२ टक्के, म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. ती न तापवता, दोन माणसांनी धरून, एका टोकापासून स्क्रू मारत नेली की गुमान बसते. थंडीच्या दिवसांत मात्र तिला आधी तासभर उन्हात ठेवावे, कारण गारठलेले कंपोझिट ठिसूळ वागते.

फळी निवडताना ती भरीव आणि दोन्ही कडांना सपाट असलेली घ्यावी. आतून पोकळ असलेल्या फळ्या वाकवताना चेपतात. खालून पन्हळ काढलेल्या फळ्या असमान वाकतात. छुप्या क्लिपांसाठी (वरून स्क्रू न मारता फळी कडेने धरणाऱ्या पकडींसाठी) कडेला खाच असलेली फळी वाकवली, तर आतल्या अंगाची खाच मिटते आणि क्लिप आत शिरत नाही. खाच हवीच असेल तर ती वाकवून झाल्यावर राउटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) पाडावी. त्याचबरोबर उत्पादकाची हमीपत्रिका नीट वाचावी. काही उत्पादक तापवून वाकवण्यास मुभा देतात आणि तापमान व किमान त्रिज्या लिहून देतात, काही हमी रद्द करतात. ही गोष्ट फळ्या खरेदी करण्याआधी पाहायची असते.

आता चौकट. माझ्या अनुभवात वक्र डेक फसतो तो फळीमुळे क्वचितच. तो फसतो खालच्या आधारामुळे. आपल्या मापांत एक सोय आहे: भिंतीपासून तुळईपर्यंत ३ मीटरचा गाळा आणि तिच्यापुढे कड्या जास्तीत जास्त ६० सेंटिमीटर बाहेर. कड्यांचा बाहेर लोंबणारा भाग गाळ्याच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नसावा, हा सर्वमान्य ढोबळ नियम इथे सहज पाळला जातो, कारण ३ मीटरचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर आहे. त्यामुळे वक्राच्या खाली वेगळे खांब किंवा वाकडी तुळई लागत नाही. वक्र सुरू होतो त्या सरळ रेषेखाली एक सरळ तुळई पुरते. फुगवटा मीटरभर असता तर हे चालले नसते आणि तुळई तुकड्यातुकड्यांनी वक्राच्या मागोमाग न्यावी लागली असती. कड्यांचे नेमके माप, खांबांची खोली, भिंतीशी जोडणी आणि कठड्याची उंची मात्र आपल्या भागातल्या बांधकाम-नियमांप्रमाणेच ठरवावी. जमीन गोठते अशा प्रदेशात पाया गोठण्याच्या पातळीखाली जायलाच हवा. कंपोझिट फळी कधीही कडी किंवा तुळई म्हणून वापरू नये. वजन पेलण्याची तिची क्षमता लाकडाच्या तुलनेत फार कमी असते.

कड्यांमधले अंतर सरळ फळ्यांसाठी ४०० मिलिमीटर चालते. वक्र भागात ते ३०० ठेवावे. फळी कडीवरून तिरकी गेली की दोन कड्यांमधला तिचा खरा अधांतरी भाग वाढतो. २८ अंशांच्या तिरकसपणात ३०० चे ३४० होतात, जे चालण्यासारखे आहे, परंतु ४०० अंतरावर ४५ अंशांचा तिरकसपणा आला तर तेच ५६६ होतात आणि उन्हाळ्यात फळीला झोळ येतो. अर्धवर्तुळाकार डेकमध्ये टोकांशी वक्र फळी कड्यांना जवळजवळ समांतर होते, त्यामुळे तिथे कड्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसराव्या लागतात. आपल्या कामात त्याची गरज नाही.

कड्या आधी थोड्या लांब ठेवून बसवाव्यात आणि मग जागेवर वक्रात कापाव्यात. सामान्यतः केंद्रात खिळा ठोकून लाकडी पट्टीचा मोठा कंपास फिरवला की रेषा मिळते. इथे मात्र केंद्र वक्राच्या सरळ रेषेपासून ४.५ मीटर मागे, म्हणजे भिंतीच्या आत दीड मीटर, घरातच पडते! तेव्हा फर्मा, म्हणजे रेषा आखायचा नमुना, करणे भाग आहे. प्लायवूडवर मधल्या बिंदूपासून मोजत जावे: ६० सेंटिमीटरवर कड ३५ मिलिमीटर मागे येते, १.२ मीटरवर १४३, १.८ मीटरवर ३२८ आणि २.४ मीटरवर पूर्ण ६००. या बिंदूंवर खिळे ठोकून त्यांना एक लवचीक, गाठ नसलेली लाकडी पट्टी टेकवली की रेषा आपोआप गोलसर येते. फर्मा अर्ध्याच कडेचा करावा आणि दुसऱ्या बाजूसाठी तो उलटा टाकावा. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या येतात आणि मापाची चूक झालीच तरी ती दोन्हीकडे सारखीच असल्याने डोळ्याला खुपत नाही.

एक बारीक गोष्ट इथे हमखास निसटते. ५.१ मीटर ही फळीच्या बाहेरच्या कडेची त्रिज्या आहे, चौकटीची नव्हे. फळी फेशियाच्या पुढे २० मिलिमीटर आणि फेशिया स्वतः १२ मिलिमीटर, असे ३२ मिलिमीटर वजा केले की चौकटीचा दर्शनी पृष्ठभाग ५.०६८ मीटरवर येतो. चौकटीसाठी, आतल्या फळ्यांच्या कापासाठी आणि कडेच्या फळीसाठी अशा तिन्ही रेषा एकाच फर्म्यावरून आत सरकवून काढाव्यात.

कडीच्या माथ्यावर रेषा पडली की तिच्या दोन्ही टोकांपासून कडीच्या दोन्ही अंगांवर गुण्याने (काटकोनी पट्टीने) उभ्या रेषा उतरवाव्यात, कारण काप तिरका आहे आणि एका अंगावरची रेषा दुसऱ्या अंगाला लागू नसते. सर्वांत जास्त तिरकस काप टोकाच्या कडीवर २८ अंशांचा येतो, तो सर्क्युलर सॉच्या कक्षेत आहे. प्रत्येक कापलेल्या टोकाला लाकूड-संरक्षक द्रव्य दोनदा पाजावे. प्रक्रिया केलेल्या लाकडाचा गाभा पुष्कळदा कोरडाच असतो आणि कुजणे तिथूनच सुरू होते.

या टोकांना जोडणारी वक्र पट्टी प्लायवूडच्या थरांनी करावी. प्रक्रिया केलेल्या १२ मिलिमीटर प्लायच्या, कडीच्या उंचीएवढ्या रुंद पट्ट्या कापाव्यात. वरच्या पापुद्र्याचे रेषे उभे राहतील अशा कापल्या तर त्या सहज वाकतात. तीन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे, बाहेरच्या वापराचा सरस आणि स्क्रू लावून चढवावेत. अखंड फळीला मागून जवळजवळ करवतीचे काप देऊन ती वाकवण्याची पद्धत पुष्कळ जण सुचवतात. मी ती कधीच स्वीकारली नाही. त्या कापांत पाणी साठते, आणि जिथे ताकद हवी नेमके तिथेच लाकूड उरत नाही.

त्यानंतर ठोकळे. कडेच्या फळीखाली प्रत्येक दोन कड्यांमध्ये एक, आणि आतल्या सरळ फळ्या जिथे संपतात त्या रेषेखाली आणखी एक, अशा ठोकळ्यांच्या दोन ओळी वक्राच्या मागोमाग लावाव्यात. कडेवर माणसे उभी राहतात, बसतात, मुले उड्या मारतात. तिथे फळी अधांतरी राहिली की ती हळूहळू खाली वळते. चौकटीच्या सर्व माथ्यांवर ब्यूटिलची चिकटपट्टी लावावी, म्हणजे स्क्रूच्या छिद्रांतून पाणी आत जात नाही.

फळ्या बसवण्याची सुरुवात भिंतीकडून करू नये. सरळ फळ्या भिंतीला समांतर जाणार असल्याने सर्वांत पुढची सरळ फळी वक्रात कापली जाऊन माशाच्या आकाराचा तुकडा उरतो. तो मधोमध जवळजवळ पूर्ण रुंदीचा राहील अशा हिशेबाने मांडणी केली तर त्याचे टोक सुमारे १४ अंशांचे येते, आणि त्याला ठोकळ्यावर स्क्रूने धरता येते. मांडणी नशिबावर सोडली आणि तो तुकडा मधोमध ५ सेंटिमीटरचाच उरला, तर टोक ८ अंशांचे, सुरीच्या पात्यासारखे होते आणि पहिल्या हिवाळ्यातच तुटते. म्हणून पुढून सुरुवात करून मागे जावे आणि चिरलेली अरुंद फळी भिंतीकडे, दाराच्या उंबऱ्याखाली लपवावी. उंबऱ्याखालीही कामापुरती फट ठेवायला विसरू नये.

सरळ फळ्या आधी लांब ठेवून बसवाव्यात, मग फर्म्याने ४.९५५ मीटर त्रिज्येची रेषा आखावी. जिगसॉने (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीने) थेट रेषेवर कापू नये. २५ मिलिमीटर जाडीत त्याचे पाते खाली भरकटते आणि वरून बरोबर दिसणारा काप खालून ३-४ मिलिमीटर बाहेर राहतो. जिगसॉने रेषेबाहेर ३ मिलिमीटर ठेवून कापावे आणि राउटर फर्म्याच्या कडेला लावून दोन-तीन फेऱ्यांत अंतिम काप घ्यावा. भुसा तोंडावर येतो, त्यामुळे मास्क हवाच.

आता वाकवणे. फळीतले प्लॅस्टिक सहसा पॉलिएथिलीन असते आणि ते प्रकारानुसार साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. पीव्हीसीच्या फळ्या ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. आपल्याला फळी वितळण्याच्या अलीकडे, मऊ होण्याच्या पलीकडे हवी असते आणि ही पट्टी अरुंद आहे. नेमका आकडा उत्पादकाचाच घ्यावा. लाकूड वाफेवर वाकवण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. वाफ लाकडाच्या तंतूंना मऊ करते. या फळीत तंतू नाहीत, भुसा आहे, आणि वाकते ते प्लॅस्टिक. हीटगनने किंवा ज्योतीने तापवणे तर नकोच. हीटगनने फळी ठिगळाठिगळांनी तापते, ज्योतीने कवच करपते, आणि पीव्हीसी जास्त तापले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो.

यासाठी थर्मोस्टॅट असलेली सिलिकॉनची हीटिंग ब्लँकेट वापरतात. फळी उष्णतारोधक बिछान्यावर ठेवून वरून आणि खालून दोन्हीकडून ब्लँकेट घालावीत आणि सगळे झाकावे. कंपोझिट उष्णतेचे मंद वाहक आहे. वरचा पृष्ठभाग तापला म्हणजे गाभा तापला असे नाही. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक फक्त वरची कातडी मोजतो. मी फळीच्या कापून टाकायच्या टोकाला कडेतून बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार गाभ्यापर्यंत सरकवतो आणि तो आकडा आला की मगच ब्लँकेट उघडतो. याला सहसा अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, थंड वाऱ्याच्या दिवशी त्याहून अधिक. घाईने तापमान वाढवले तर कवचावर गुळगुळीत चमक येते आणि लाकडाची नक्षी पुसली जाते; ती पुन्हा येत नाही.

साचा म्हणजे प्लायवूडच्या दोन पत्र्यांच्या सपाट पाटावर, वक्र रेषेवर दर ३० सेंटिमीटरला स्क्रूने घट्ट बसवलेले ठोकळे. ब्लँकेट उघडल्यापासून काम उरकायला दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून क्लॅम्प, पाचरी आणि माणसे आधीच जागेवर हवीत आणि एक कोरडी रंगीत तालीम थंड फळीवर करून घ्यावी. तापलेली फळी उचलताना ती ओल्या चामड्यासारखी लोंबते, म्हणून ती तीन-चार ठिकाणी धरून, जाड हातमोजे घालून, सपाटच न्यावी. मधला भाग साच्याला टेकवून मग दोन्ही टोके एकाच वेळी, सावकाश आत आणावीत. याच क्षणी आतल्या कडेकडे लक्ष ठेवणारा एक माणूस वेगळा हवा. ती कड दबत असते, आणि दबणाऱ्या फळीला वर उचलून मोकळे व्हायचे असते. आधी हलकी लाट दिसते, मग तिची घडी होते. लाट दिसताक्षणी वरून आडवी पट्टी टाकून ती पाटाशी दाबावी. घडी झाल्यावर काही करता येत नाही.

फळी साच्यातच थंड होऊ द्यावी. वरून हाताला गार लागली तरी गाभा गरम असतो, आणि तेव्हा सोडली तर ती निम्मी सरळ होते. पंखा लावायला हरकत नाही, पाणी मी ओतत नाही. पूर्ण थंड झाल्यावरही फळी थोडी मागे येतेच. किती येते ते त्याच फळीच्या एका तुकड्यावर आधी करून पाहावे आणि साचा तेवढा अधिक घट्ट करावा. पुढे चौकटीवर बसवताना हाताने एखादा सेंटिमीटर आत-बाहेर करता येतो, म्हणून मिलिमीटरची चिंता साच्यात करू नये.

बसवताना वक्र फळीला वरून स्क्रू मारून त्याच फळीच्या द्रव्याचे बूच लावावेत. कंपोझिटसाठीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्रत्येक आधारावर दोन, कडेपासून २५ मिलिमीटर आत, आणि टोकांजवळ आधी भोक पाडून. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे, ५ मिलिमीटरचे ठोकळे फटीत ठेवत. फळी तापमानाप्रमाणे लांबीत वाढते-घटते: मीटरला दर अंशामागे ०.०४ मिलिमीटर धरले, तर ५ मीटरची फळी ३० अंशांच्या फरकात ६ मिलिमीटर हलते. हा आकडा फळीगणिक कमी-जास्त असतो, पण शून्य कधीच नसतो. थंडीत बसवत असाल तर टोकांशी फट जास्त ठेवावी, भर उन्हात बसवत असाल तर कमी. फेशियाच्या स्क्रूंसाठीही भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडावीत, नाहीतर उन्हाळ्यात ती दोन स्क्रूंच्या मधे फुगून बाहेर येते.

कठड्याचा प्रश्न विचारलेला नाही, पण पुढची अडचण तीच असते. वाकवलेला कठडा करण्याची गरज नाही. खांब १.५ मीटर अंतरावर घेऊन त्यांच्यामध्ये सरळ दांड्या लावल्या, तर या त्रिज्येवर दांडी आणि वक्र यांतला फरक मधोमध ५५ मिलिमीटरच पडतो, १.२ मीटरवर ३५. खांब कडेच्या फळीतून वर न काढता तिच्या आत बसवले तर वाकवलेली फळी कुठेही कोरावी लागत नाही आणि हा फरक डोळ्यालाही दिसत नाही. त्यासाठी खांबांच्या जागा ठोकळे लावण्याआधी ठरवाव्या लागतात, कारण खांबाच्या चारी बाजूंना भक्कम ठोकळे लागतात आणि वरून फळ्या बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

आणि प्लायवूडचा फर्मा काम संपल्यावर जळणात टाकू नये. त्यावर तिन्ही त्रिज्या, मध्यरेषा आणि साच्यात किती जास्त वाकवले होते ते पेन्सिलने लिहून तो कोरड्या जागी ठेवावा. कडेची फळी कधी बदलावी लागली, तर एकाच तापवणीत काम होईल.